चढाईआधी ती तुमच्याकडे का बघते?

पत्र

ताई, मी हर्णैचा, बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख आहे. माझी लेक सतरा वर्षांची. कबड्डीत चढाई करते. गावच्या सरावात तिला धरू शकेल अशी पोरगी नाही. पण मागच्या वर्षी जिल्ह्याच्या कुमारी गटाच्या निवड चाचणीत नऊ चढाया केल्या, त्यात एक बोनस गुण मिळाला, चार वेळा पकडली गेली, बाकी वेळा हात हलवत परत. मध्यरेषेवर येते, एकदा माझ्याकडे बघते आणि तिथेच तिचे पाय जड होतात. मी स्वतः गावच्या मंडळाकडून पंधरा वर्षं खेळलोय, मला तिची चूक लगेच दिसते. दोरीजवळ उभा राहून ओरडून सांगतो, तरी ऐकत नाही. सामन्याच्या सकाळी तिला उलट्या होतात. हल्ली जेवणही कमी केलंय. तिच्या आईने देवळात गाऱ्हाणं घातलं. कॉलेजातले सर म्हणतात, मुंबईला सायकॉलॉजिस्टला दाखवा. पण आमच्याकडे लोक लगेच वेडी ठरवतील. सध्या मासेमारी बंद आहे, बोट वर काढलीय, म्हणून मी रोज सरावाला जाऊन बसतो. दिवाळीनंतर पुन्हा चाचणी आहे. पोरीचं मन कच्चं आहे. ते घट्ट कसं करायचं, सांगा.

उत्तर

दादा,

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हीच पत्राच्या मधोमध लिहून गेलात आणि पुढे सरकलात. ‘मध्यरेषेवर येते, एकदा माझ्याकडे बघते.’

ती त्या क्षणी तुमच्याकडे का बघते?

चढाईला तीस सेकंद असतात. मध्यरेषा ओलांडताना तिने बघायचं ते समोरच्या सात जणींच्या कमरेकडे आणि पावलांकडे. कोणाचं वजन टाचेवर गेलंय, हात धरून केलेली साखळी कुठे सैल आहे, डाव्या कोपऱ्यावरची मुलगी आज पुढे का उभी आहे. तुमची लेक तेवढ्या वेळात तुमचा चेहरा वाचते. बाबांच्या कपाळाला आठी आहे का? मग तीच आठी घेऊन ती पलीकडे जाते, आणि समोरच्या सात जणींबरोबर आठवे तुम्ही. पाय जड होणारच.

मन कच्चं आहे हे मी मानत नाही. पहाटे उलटी करून, चूळ भरून, गणवेश चढवून पुन्हा मैदानावर येणाऱ्या मुलीला कच्च्या मनाची म्हणायचं, तर घट्ट मनाचं कोणाला म्हणायचं? तिचं लक्ष नको तिथे अडकलंय. लक्ष ही मात्र सरावाने वळवता येणारी गोष्ट आहे.

आधी पाय जड का होतात ते सांगते. तुम्ही फाटलेलं जाळं सांधताना गप्पा मारता, विडी ओढता, गाठ आपोआप पडत जाते. आता मी समोर येऊन बसले आणि म्हटलं, ‘दादा, कुठलं बोट कधी उचलता ते मनात म्हणत गाठ मारून दाखवा, चार लोक बघतायत,’ तर वीस वर्षांचा हात अडखळेल. अंगात मुरलेलं काम डोक्याने परत हातात घेतलं की ते असंच विस्कटतं. सायन बायलॉक आणि थॉमस कार या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये गोल्फवर असा प्रयोग केला होता. नवशिक्यांना शेकडो फटके मारायला लावून तयार केलं आणि मग दडपण आणलं. बऱ्याच जणांचा खेळ ढासळला. ज्यांच्या सरावावर आधीपासून कॅमेरा लावला होता, त्यांचा ढासळला नाही. आपल्यावर कोणीतरी डोळे रोखून आहे याची त्यांना सवय झाली होती. हा कॅमेरा लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता तुमच्या ओरडण्याकडे येते. रागावू नका. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण पंधरा वर्षं खेळलेला माणूस दोरीवरून काय ओरडतो हे मला तोंडपाठ आहे. ‘बोनसला जाऊ नको!’ ‘कोपऱ्याला पाठ देऊ नको!’ ‘घाई करू नको!’ त्या वैद्याची गोष्ट आठवते ना? औषध दिलं आणि सांगितलं, घेताना फक्त माकड आठवायचं नाही. जन्मात ज्याला माकड आठवलं नव्हतं, त्याच्या वाटीसमोर ते रोज येऊन बसायला लागलं. डॅनियल वेग्नर नावाच्या संशोधकाने १९८७ मध्ये हेच पांढऱ्या अस्वलावरून तपासलं. अस्वल आठवू नका म्हटलेल्या लोकांना ते राहून राहून आठवत होतं. ‘कोपऱ्याला पाठ देऊ नको’ हे ऐकलेल्या मुलीच्या डोक्यात कोपरा आणि पाठ, एवढं दोनच उरतं.

आणि हे तुम्हाला मी कशाला सांगायचं? खाडीच्या तोंडावर लाट फुटत असताना एखाद्या नव्या पोराच्या हातात सुकाणू दिलंत, तर शेजारी उभे राहून ‘आपटशील, आपटशील’ असं म्हणता का? ‘त्या खुणेवर धर’ म्हणता आणि गप्प बसता. बोटीवर जे तुम्हाला येतं, तेच दोरीजवळ विसरायला होतं, कारण तिथे लेक आहे. ते मी समजू शकते.

मी अलिबागकडची. आमच्या वेळी भात कापून झालं की शेतातच मैदान आखायचं, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं आणि रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात खेळायचं. एका स्पर्धेत मी सहा वेळा बाद झाले. परत येताना टेम्पोच्या हौद्यात माझ्या थोरल्या भावाने त्या सहाही चढाया मला एकेक करून पुन्हा सांगितल्या. अगदी बरोबर सांगितल्या, एकही चूक नव्हती. तो वाईट नव्हता, माझ्या गुडघ्याला हळद लावायला तोच बसला होता. पण पुढचे दोन मोसम मी दम घालायला, म्हणजे ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायला सुरुवात केली की आधी दोरीकडे बघायचे, दादा कुठे उभाय ते. म्हणून तुमच्या त्या एका वाक्यावर मी अडकले.

तर करायचं काय?

पहिलं, चढाईआधी तिला ठरावीक तीन-चार गोष्टी लावून द्या. दरवेळी त्याच, त्याच क्रमाने. उदाहरणार्थ, मध्यरेषेच्या दोन पावलं अलीकडे थांबून हाताने मॅटला स्पर्श, मग एक लांब उच्छ्वास, मग समोरच्या एकाच मुलीच्या गुडघ्यांवर नजर, आणि दम. उच्छ्वास श्वासापेक्षा लांब हवा, सोडताना छातीची धडधड थोडी खाली येते. नजर कुठे ठेवायची हे आधीच ठरलेलं असलं की ती दोरीकडे भटकायला जागा राहत नाही. क्रम तिने स्वतः ठरवावा. तुम्ही ठरवलात तर तेही तुमचंच एक ओरडणं होईल.

दमाबद्दल माझं आपलं एक मत आहे. हल्लीच्या मुली दम घालतात तो ओठातल्या ओठात. घड्याळ आलं, तीस सेकंद तेच मोजतं, मग कशाला ओरडायचं, असं त्यांना वाटतं. मला वाटतं, कबड्डीने खेळाडूला दिलेलं सगळ्यात मोठं मानसिक हत्यार तेच आहे. तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ खणखणीत चालू असताना आतला तो दुसरा आवाज, ‘आज पण गेलं, बाबा काय म्हणतील’ म्हणणारा, त्याला बोलायला जीभच मिळत नाही. दुसऱ्या खेळांतल्या खेळाडूंना स्वतःशी म्हणायला एखादा शब्द शोधून द्यावा लागतो. आपल्या खेळात तो नियमातच आहे. तिला मोठ्याने दम घालायला सांगा, मध्यरेषेच्या अलीकडूनच.

उलट्यांचं म्हणाल, तर धडधड, पोटात कालवाकालव, हात गार पडणं हे बड्या बड्या खेळाडूंनाही होतं. शरीर झुंजीची तयारी करत असतं. त्या वेळी ‘शांत हो, शांत हो’ म्हणून काही हाती लागत नाही. अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये लोकांना गाणं म्हणायला, भाषण करायला, गणितं सोडवायला लावली होती. त्याआधी स्वतःला ‘मला उत्साह आलाय’ म्हणणाऱ्यांना शांत व्हायला सांगितलेल्यांपेक्षा ते जास्त चांगलं जमलं. तुमच्या भाषेत, वारा आहे तर शीड त्याच्याकडे फिरवायचं. ‘अंगात आलंय आज माझ्या’ असं ती हसून म्हणू शकली तरी पुरे. सामन्याच्या सकाळी पोटाला जड नको, पेज किंवा मऊ भात, आणि तोही वेळेत.

पण ‘जेवण कमी केलंय’ हे वेगळं. त्यावर थांबा. कुमारी गटाला वजनाची अट असते. पोरी वजन बसवायला आठवडाभर अर्धपोटी राहतात आणि घरी सांगत नाहीत. मग मैदानावर पाय जड होतात ते भीतीने की भुकेने, हे कोण सांगणार? तिच्या आईला एकांतात विचारू द्या. वजनाचं आहे का, पाळीचा त्रास आहे का, सरावाला येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाचं वागणं खटकतंय का. हे शेवटचं विचारायला लाजू नका. मुलगी खेळात मागे पडायला लागली की आपण तिचं मन तपासतो, आजूबाजूची माणसं तपासायचं राहून जातं.

आता सगळ्यात दुर्लक्षित वेळेबद्दल. कबड्डीत पकडली गेलेली मुलगी बाहेर जाऊन बसते आणि तिच्या संघाने समोरचा गडी बाद करेपर्यंत बसूनच राहते. क्रिकेटमध्ये बाद झाला की तंबूत जाऊन पॅड सोडता येतं. इथे कुठल्याही क्षणी जिवंत होऊन परत आत जायचं असतं, कधी अर्ध्या मिनिटात, कधी चार मिनिटांनी. ती जी बैठक आहे, तिथे खेळाडू खचतात. मघाची पकड डोक्यात पुन्हा पुन्हा फिरते, आणि आत जाते ती आधीच बाद झालेली मुलगी. तुमची लेक त्या नऊ चढायांत पहिल्यांदा पकडली गेल्यावर पुढच्या तीन वेळा पकडली गेली, त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

तिला बाहेर बसल्यावर काम द्या. घोट पाणी. टॉवेलने हात पुसायचे, नीट, एकेक बोट, आणि टॉवेल खाली ठेवला की मघाची चढाई संपली. मग एकच प्रश्न हातात घेऊन समोर बघायचं: त्यांची डाव्या कोपऱ्यावरची मुलगी झेप घेते तेव्हा कुठला पाय पुढे टाकते? बाद झालेले ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने परत येतात, म्हणजे आपला नंबर कितवा हेही तिला माहीत असतं. नंबर आला की उभं राहायचं, आणि शेजारणीला ते एक उत्तर मोठ्याने सांगायचं. ‘डावी उजव्या पायावर येते.’ बस्स. एवढ्याने डोकं मागून पुढे येतं. हे सरावातही करायला हवं. तिथे बाद झालेल्या मुली बाजूला बसून मोबाईल बघतात, तो बंद.

रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं डोळे मिटून चढाई ‘खेळणं’ हाही खरा सराव आहे, फक्त तो नीट व्हायला हवा. फोनवर तीस सेकंद लावायची आणि तेवढ्याच वेळात चढाई पूर्ण करायची, सिनेमातल्यासारखी हळूहळू नाही. पायाखालची मॅट, समोरच्या मुलींचे श्वास, पंचांची शिट्टी, सगळं. पाचातल्या एका चढाईत आपण पकडले गेलो असंही बघायचं, आणि मग बाहेर येऊन हात पुसायचे. नुसत्या जिंकलेल्या चढाया बघणारी मुलगी पहिल्या पकडीलाच गडबडते.

मग तो कॅमेरा. गावात तिला धरणारी पोरगी नाही म्हणता, म्हणजे गावातला सराव तिला दडपण देतच नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकआधी अभिनव बिंद्रा यांनी चंदीगडमध्ये लग्नाचा हॉल भाड्याने घेऊन तिथे नेमबाजी केली, कारण बीजिंगची रेंज तशीच भव्य असणार होती. शेवटचा नेम १०.८ लागला आणि देशाचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण आलं. नेदरलँड्समध्ये २०१० मध्ये दोन संशोधकांनी याहून गमतीशीर प्रकार केला. लोकांना गिर्यारोहणाच्या सरावाच्या भिंतीवर उंच लटकवून डार्ट फेकायला लावले. थोड्या भीतीत सराव केलेल्यांचा नेम पुढे जास्त भीतीतही टिकला. थोड्या, हं. पहिल्याच दिवशी पोरीला कड्यावर टांगायचं नाही.

पावसात सराव शाळेच्या हॉलमध्ये असेल. आठवड्यातून दोनदा सरांना सांगा की मोबाईल स्टँडवर लावून चित्रीकरण करा. तिसऱ्या आठवड्यात गणपतीचा स्पीकर आणा, त्यावर गर्दीचा आवाज लावा, निवेदक बसवा. मग धावफलक लिहा: दोन गुणांनी मागे, आधीच्या दोन चढाया रिकाम्या, ही तिसरी, म्हणजे गुण नाही तर बाद. हरणाऱ्या बाजूने मॅटचे सगळे तुकडे सुटे करून रचून ठेवायचे. नंतर बंदरावरच्या बायकांना बोलवा. लिलावाच्या वेळी जो आवाज लावतात त्याच आवाजात त्यांनी समोरच्या संघाला ओरडायचं. त्यापुढे जिल्ह्याची चाचणी म्हणजे देवळातलं कीर्तन. मात्र हे सगळं तिच्या सरांनी करायचं. त्या दोन दिवशी तुम्ही घरी बसायचं.

मागच्या वर्षीचा डाग मनात धरून बसला असाल तर तोही सोडा. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपल्या मुली अंतिम सामन्यात इराणकडून २४-२७ अशा हरल्या, त्याआधीची दोन्ही सुवर्णं आपली असताना. पुढच्या स्पर्धेत, २०२३ मध्ये हांगझोउला, त्यांनी चायनीज तैपेईला २६-२५ हरवून सुवर्ण परत आणलं. एका गुणाने. भारताचं त्या स्पर्धेतलं ते शंभरावं पदक होतं.

गाऱ्हाण्याला माझी हरकत नाही. मीही नारळ ठेवूनच मैदानावर उतरायचे, आणि देवापुढे उभं राहिल्यावर जो श्वास खाली येतो तो खोटा नसतो. पण ‘निवड झाली तर अमुक देईन’ असा नवस बोलला असाल, तर तो तिला सांगू नका. तिच्या पाठीवर तेवढं ओझं कशाला?

सायकॉलॉजिस्टकडे गेलं की वेडं ठरवतात म्हणता. २०११ चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या संघाबरोबर पॅडी अप्टन हे मनाच्या तयारीसाठीच होते. त्या अकरा जणांना कोणी वेडं म्हटलं नाही. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियोत, २०२१ मध्ये, हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं म्हणून सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. लोकांनी नको ते बोलून घेतलं. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णं घेतली. खेळाचा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, मी वर लिहिलं तसलाच सराव करून घेतो, फक्त तिच्या अंगाला बेतून. जमलं तर जरूर न्या. आणि हे वेगळं लक्षात ठेवा: दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण सुटलेलंच राहिलं, मैत्रिणींशी बोलणं थांबलं, किंवा ‘नकोच सगळं’ असं काही बोलली, तर कबड्डी बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्यायचं. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात.

उरले तुम्ही. ३१ जुलैला बंदी संपेल, नारळी पौर्णिमा झाली की तुम्ही समुद्रावर असाल. ते दिवस तिच्या सरावाचे सगळ्यात चांगले जातील असा माझा अंदाज आहे. परत आलात की सरांना विचारा, बरोबर आहे का. वाईट वाटून घेऊ नका. सामन्यानंतर घरी येताना गाडीवर चढाईचा विषय काढायचा नाही. भूक लागलीय का, एवढंच विचारायचं. तिला बोलायचं असेल तर दोन दिवसांनी ती स्वतः येईल, आणि तेव्हा तुमची पंधरा वर्षं कामाला येतील.

दिवाळीनंतरच्या चाचणीला यायचं की नाही, हे तिलाच विचारा. ‘नको’ म्हणाली तर जाऊ नका. ‘या’ म्हणाली तर मध्यरेषेजवळची नेहमीची जागा सोडून तिच्या संघाच्या शेवटच्या रेषेमागे उभे राहा. तिथून ती चढाईला निघाली की तिची पाठ तुमच्याकडे असेल. तुम्ही आहात हे तिला माहीत असेल, पण दिसणार नाही. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, तेव्हा तुम्हीही चालत पलीकडे जा.

— ताई